सहा तोंडांचं कार्ड

सारिका पोवारनं तिसऱ्यांदा कार्डावरच्या पहिल्याच तोंडावर बोट ठेवलं आणि मी वहीत तिसरं शून्य लिहिलं.

"बाई," हौसामावशी माझ्या मागून म्हणाली, "ती बोट कुटं ठेवतीया ते बगू नका. दुसरा हात बगा."

मी बघितला नाही. दुपारचे सव्वादोन वाजले होते, पाच वाजता माझा प्रबंध बघणाऱ्या हेरवाडकर सरांना कागद द्यायचे होते आणि माझ्या पायाला सकाळपासून भिंगरी लागलेली होती. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मावशीला म्हटलं, शून्य म्हणजे शून्य, पोरगी स्वतः सांगतेय, तुम्ही कशाला तिच्या तोंडात शब्द घालताय. मावशीनं सारिकाच्या गालाखालचा ओला बोळा बदलला आणि ती पलीकडच्या खाटेकडे गेली.

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि कोल्हापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात भूल द्यायचं शिकत होते. दर बुधवारी तिथं लहान मुलांचे दात काढायचे. खुर्चीत बसवून एखादा दात काढण्यापलीकडे गेलेली मुलं. सहा-सहा, आठ-आठ दात किडलेले, रात्ररात्र गाल धरून बसणारी. त्यांना पूर्ण भूल देऊन सगळे दात एकदम काढत. काढायचं काम दातांचे डॉक्टर मगदूम यांचं. झोपवायचं आणि उठवायचं काम माझं. उठल्यावर मुलाला किती दुखतंय, हे बघायचं कामही माझंच होतं, कारण माझ्या परीक्षेचा प्रबंध त्यावरच होता.

प्रश्न साधा होता. भूल द्यायच्या तासभर आधी दुखणं कमी करणारं गोड सिरप पाजलं, तर दात काढल्यावर तेवढं पुरतं का, की वरून जास्त ताकदीचं औषध द्यावं लागतं? चाळीस मुलं तपासायची होती. लहान मुलाला ‘किती दुखतं’ हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून एका परदेशी पुस्तकातून मी सहा तोंडांचं कार्ड उचललं होतं. पहिलं तोंड हसरं, शून्य नंबरचं. मग एकेक करत पडत जाणारी तोंडं, आणि शेवटचं पाच नंबरचं, रडणारं. मुलानं उठल्यावर बोट ठेवायचं, मी आकडा लिहायचा. तीन किंवा त्याच्या पुढचं तोंड दाखवलं, तरच वरचं औषध द्यायचं. कार्ड मी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून रंगवून घेतलं होतं. त्यानं हसऱ्या तोंडाला आपल्या मनानं कुंकवाची टिकली लावली होती आणि रडक्याला एवढाले टपोरे अश्रू काढले होते की मुलं टक लावून बघत बसायची. मला त्या कार्डाचा फार अभिमान होता. ज्याला त्याला दाखवत फिरायचे.

निकाल तर असा येत होता की सर माझ्यावर खूश होते. एकोणचाळीस मुलं झाली होती. त्यातल्या चौतीस जणांनी हसरं तोंड दाखवलं होतं. बाकीच्यांनी एक नाहीतर दोन. तीन किंवा त्याच्या पुढचं एकही नाही. दोन महिन्यांत जास्त ताकदीच्या औषधाची एकही बाटली फोडली गेली नव्हती. शेवटी सिस्टरनं त्या बाटल्या ट्रॉलीवर मांडणंच बंद केलं आणि कपाटात ठेवून दिल्या. मी म्हटलं, बरोबर आहे, कशाला उगाच.

फक्त हौसामावशीला ते पसंत नव्हतं. बावीस वर्षं ती आया म्हणून त्या खोलीत भुलीतून उठणाऱ्या मुलांची रक्ताळलेली तोंडं पुसत होती. महिनाभरापूर्वी ती मला म्हणाली होती, "आदी हितं पोरं रडायची. आता गप पडून ऱ्हात्यात. मला काय बरं वाटंना झालंय, बाई." मी हसले होते. म्हटलं होतं, मावशी, तुम्हाला करमत नाही का रडण्याशिवाय? ती म्हणाली होती, तसं नव्हं. कसं ते तिला सांगता आलं नाही आणि मी विचारलं नाही.

सारिका चाळिसावी होती. सहा वर्षांची, सावळी, दोन घट्ट वेण्या. बाप आनंदा पोवार पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गुऱ्हाळावर गुळव्या होता. उसाचा रस काहिलीत उकळून त्याचा गूळ कधी झाला हे ओळखणारा माणूस. लेक चालायला लागल्यापासून त्या काहिलीभोवतीच वाढलेली. जो येईल तो तिच्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवायचा. दात काळे पडले नसते तरच नवल होतं. सकाळी मगदूमांनी तिचे आठ काढले.

पावणेतीनला आनंदा चौथ्यांदा दारात आला. त्याला आत यायची परवानगी नव्हती, पण तो अर्धा पाय आत ठेवून उभा राहायचा.

"म्याडम, सोडता न्हवं? तिकडं काहील चढवायची हाय. भावाच्या भरवशावर सोडून आलोय, त्येला पाक कळत न्हाई."

म्हटलं, चारला सोडते, अजून एकदा बघायचं आहे. मग मी त्याला सांगितलं की लेक फार गुणाची आहे, रडली नाही, हूं की चूं केलं नाही. त्याचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "घरात तर लई रडती वो," आणि बाहेर जाऊन परत येरझाऱ्या घालायला लागला. खिडकीतून त्याचा फेटा एकदा इकडं, एकदा तिकडं जाताना दिसत होता. मीही आत तेच करत होते. वही टेबलावर ठेवली, उचलली. घड्याळ बघितलं. चौथं शून्य आलं की चाळीस पूर्ण. सर रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाणार होते आणि माझे आकडे तिथं चार मोठ्या लोकांना दाखवणार होते.

तीन वाजता मी कार्ड घेऊन सारिकाच्या खाटेशी गेले. खाली वाकले, चेहऱ्यावर ते ठरलेलं गोड हसू आणलं आणि विचारायला तोंड उघडलं.

मी विचारायच्या आधीच तिचं बोट हसऱ्या तोंडावर आलं होतं.

एवढंच झालं. पण माझा हात वहीकडे गेला नाही. ज्याचं काही दुखत नाही, ते मूल आधी कार्डाकडे बघतं, त्या टिकलीकडे बघतं, मग स्वतःशी विचार करतं. ही कार्डाकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता.

मग मी तिचा दुसरा हात बघितला. खाटेच्या लोखंडी गजाला तो आवळलेला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. चादरीखाली पायांची बोटं आत मुडपलेली. तोंडातली लाळ ती गिळतच नव्हती, कडेनं गुलाबी ओघळ उशीवर उतरत होता. आणि ती इतकी निश्चल पडली होती, की तिच्याएवढी सहा वर्षांची पोर झोपेतसुद्धा तशी पडत नाही. हे सगळं मला पुस्तकात शिकवलेलं होतं. फार दुखणारं मूल हलत नाही, हे मी परीक्षेत लिहूनसुद्धा आले होते. पण माझ्या हातात कार्ड होतं ना. हातात कार्ड असल्यावर पोराकडे कोण बघतं?

शेजारच्या खाटेवर मदिना होती. चार वर्षांची, म्हणून अभ्यासात न धरलेली. तिचे दोन दात काढले होते आणि ती अजून भुलीच्या गुंगीत होती. का कोण जाणे, मी सारिकाला विचारलं, "ही उठली की तिचं कुठलं तोंड असेल गं?"

सारिकानं मदिनाकडे बघितलं. तिचं बोट सरकत सरकत शेवटच्या तोंडावर गेलं. टपोऱ्या अश्रूंच्या.

"तिचे किती दात काढले?"

तिनं दोन बोटं दाखवली.

"आणि तुझे?"

आठ बोटं दाखवायला दोन्ही हात लागतात. तिनं गज सोडला, आठ बोटं केली आणि लगेच परत गज धरला.

"मग तुझं तोंड कुठलं?"

तिचे डोळे भरून आले. बोट मात्र परत पहिल्या तोंडावर गेलं. तोंडातल्या बोळ्याआडून काहीतरी पुटपुटली, मला कळलं नाही. हौसामावशी कधी जवळ आली होती कुणास ठाऊक. तिनं बोळा हलकेच बाजूला केला आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

सारिकाच म्हणाली, सुजलेल्या ओठांतून, एकेक शब्द सोडवत.

"माजं रडकं तोंड न्हाई. ऱ्हायल्यालं दात काडू नगा."

मला ते समजायला वेळ लागला. मी बधिरासारखी विचारत राहिले, कोण काढणार आहे, कुणी सांगितलं तुला? तिनं तुटक तुटक सांगितलं. काल वॉर्डात पलीकडच्या खाटेवरच्या ताईनं सांगितलं. त्या ताईला तिच्या आधीच्या कुणीतरी सांगितलं होतं. रडकं तोंड दाखवलं की दात काढतात. हसरं दाखवलं की घरी सोडतात. वॉर्डातल्या सगळ्या पोरांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त डॉक्टरांना.

आणि त्यात चूक काय होतं? मुलं अक्षरशः खरं बोलत होती. मगदूमांकडे दातदुखीच्या मुलांची रांग लागायची आणि बुधवार एकच. कुणाला आधी घ्यायचं हा त्यांचा प्रश्न मीच सोडवून दिला होता. म्हटलं होतं, सर, माझं कार्ड आहे की. बाह्यरुग्ण खोलीत प्रत्येक मुलाला दाखवायचं. चार किंवा पाच नंबरच्या तोंडावर बोट ठेवलं की त्या मुलाला येणारा बुधवार. कमी नंबरचं तोंड दाखवलं की गोळ्या आणि पुढचा महिना. मगदूमांनी पाठ थोपटली होती. मीही स्वतःची थोपटून घेतली होती. एकाच कार्डात दोन कामं.

सहा दिवसांपूर्वी सारिका तिथं बापाच्या मांडीवर बसली होती. तिनं खरंखरं शेवटच्या तोंडावर बोट ठेवलं होतं. आणि मी, तिच्यादेखत, तिच्या बापाला उत्साहानं म्हणाले होते, "पाच नंबर. मग बुधवारीच घेऊ हिला, सगळे एकदम काढून टाकू."

दुखतंय म्हणून सांगितलं आणि आठ दात गेले. आता परत कोण सांगेल?

मी कपाटाकडे पळाले. किल्ली सिस्टरकडे, सिस्टर चहाला. मावशीनं पदराआडून दुसरी किल्ली काढून दिली. नवी सुई टोचायची नव्हती, सलाइनची सुई हातात होतीच. औषध सोडलं. सोडताना सारिका माझ्या हातांकडे बघत होती, आता काय काढतात म्हणून. मी तिला सांगितलं की काही काढत नाहीये. तिचा विश्वास बसला नाही. बसायचं काही कारणही नव्हतं.

दहा मिनिटांनी गजावरचा हात सुटला. पाय सरळ झाले. तिनं मोठा घोट गिळला, आणि मग ती रडायला लागली. मोठमोठ्यानं, गाल धरून, बापाला हाका मारत. दोन महिन्यांत त्या खोलीत ऐकलेलं ते पहिलं रडणं.

हौसामावशी म्हणाली, "आता बरी हाय."

आनंदा आवाज ऐकून परवानगी न विचारता आत आला. मी त्याला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तो चिडेल असं मला वाटत होतं, चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो खाटेच्या कडेला बसला, दिवसभरात पहिल्यांदा. लेकीच्या पायावर हात ठेवला. म्हटलं, आज तिला सोडणार नाही, उद्या सकाळी बघू. मग तुमच्या काहिलीचं काय?

"जळू दे की," तो म्हणाला. "एक पाक बिगडला तर बिगडला."

पाच वाजता मी वही घेऊन हेरवाडकर सरांच्या खोलीकडे निघाले. मोठेपणा दाखवून काय उपयोग, खरं तेच सांगते. जिना चढताना माझ्या मनात आलं होतं की चाळिसाव्या पानावर पाच लिहावं आणि गप्प बसावं. चाळिसात एक पाच. कुणाच्या डोळ्यावर येणार होतं? उलट खरंच वाटलं असतं. मधल्या वळणावर मी थांबले. तिथं भिंतीला टेकून वही चाळली. शून्य, शून्य, एक, शून्य. नावं होती, वयं होती, किती दात काढले ते होतं. प्रत्येक शून्यामागे आता एक आवळलेला हात दिसत होता, आणि तो मी त्या त्या वेळी बघितलेला नव्हता.

सर बॅग भरत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका पोरीवरून एकोणचाळीस खोटे ठरत नाहीत, वैजयंती."

"सर, बोलली ती एकटी."

त्यांनी बॅगेची चेन अर्धी लावली आणि तशीच ठेवली. मग रागावले, चांगलेच रागावले. परीक्षा सहा महिने पुढं जाईल म्हणाले, पुण्याला काय तोंड दाखवू म्हणाले. मी उभी होते. शेवटी त्यांनी हात पुढं केला, वही घेतली आणि ती टेबलाच्या खालच्या खणात टाकली. पुण्याला ते तसेच गेले. परीक्षा पुढं गेलीच.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी केल्या. बाह्यरुग्ण खोलीतून कार्ड काढून टाकलं. आणि ट्रॉलीवर औषधाच्या बाटल्या परत मांडल्या. कोणाला औषध द्यायचं हे काही महिने मी मुलांना विचारून नाही, मावशीला विचारून ठरवलं. ती हात बघायची, पाय बघायची, उशी बघायची आणि म्हणायची, हिला द्या, ह्याला नगं, त्यो नुसता भुकेजलाय. ती चुकली असं मला फारसं आठवत नाही.

एकोणचाळीस घरांना मी पोस्टकार्डं लिहिली. मूल घरी आल्यावर कसं होतं, एवढंच विचारलं होतं. अकरा उत्तरं आली. दहा जणांनी सगळं बरं आहे, आपले उपकार आहेत असं लिहिलं होतं. अकरावं एका आईचं होतं, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. ‘मुलीने चार दिवस काही खाल्ले नाही. पण रडली नाही, त्यामुळे आम्हांस वाटले की बरे आहे.’ ते कार्ड अजून माझ्याजवळ आहे. ते वाचलं की मला एका जागी बसवत नाही, उठून खोलीत फिरावं लागतं. आजही.

आठवड्यानं सारिकाला तपासायला बोलावलं होतं. आनंदानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुळाची ढेप आणली होती. ती माझ्यापुढे ठेवताना त्याच्या लक्षात आलं की आपण दातांच्या दवाखान्यात गूळ आणलाय, आणि तो ओशाळला. मी म्हटलं, माझे दात वाढून झालेत, द्या.

सारिका खुर्चीत बसली. तोंड घट्ट मिटलेलं. आधी तिनं माझे दोन्ही हात बघितले. ते रिकामे होते. मग टेबल बघितलं. कार्ड नव्हतं.

मी विचारलं, "दुखतं का गं अजून?"

बाप म्हणाला, न्हाई म्याडम, परवापासनं भाकरी खातीया. मी त्याला हातानं थांबवलं.

"दुकतंय," सारिका म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर दुखण्याची एक रेघ नव्हती. हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे बहुतेक तिलाही कळत होतं. मी उठले, सिरपची बाटली आणली, अर्धा चमचा भरला आणि तिच्यापुढे धरला. तिनं ओठ जेमतेम उघडून तो चाटला आणि परत तोंड मिटून घेतलं. मी बाटलीला झाकण लावलं आणि हात मांडीवर ठेवून समोर बसले. दारातून हौसामावशी बघत होती. कुणी कुणाचा दात काढला नाही. चिमट्याचा आवाज आला नाही, कुणी बुधवारचं नाव काढलं नाही.

एवढा वेळ मी आयुष्यात कधी न हलता बसले नसेन.

मग सारिका म्हणाली, "आता न्हाई दुकत," आणि तिनं आपण होऊन मला दिसेल असं मोठं तोंड उघडलं.